कुटाराच्या ढिगात बीकन: हिमस्खलन कोर्सची नागपुरातली तयारी

फेब्रुवारीत गुलमर्गला सहा दिवसांचा हिमस्खलन सुरक्षा कोर्स करून आलो, त्याला आता तीन आठवडे होत आले. हौशी लोकांसाठी दोन-तीन दिवसांचा असतो तो हा नव्हे. हा दुसऱ्यांना बर्फात घेऊन जाणाऱ्यांसाठीचा, लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा असलेला. मागच्या जूनमध्ये अर्ज उघडून बसलो तेव्हा धडकी भरली ती बर्फाची नव्हे, सोबत जोडायच्या कागदांची. मराठीत काही सापडेना. इंग्रजीत ढीगभर होतं, पण ते सगळं घरामागे बर्फ असलेल्यांनी लिहिलेलं. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर; इथं बर्फ म्हणजे लादीचा, नाही तर गारपिटीचा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण ती मला ऑक्टोबरपर्यंत नीट उमगली नव्हती. या कोर्समध्ये बीकन (बर्फात गाडलेल्याला शोधायचं यंत्र) वापरायला शिकवत नाहीत. तो येतो असं धरूनच पहिली सकाळ सुरू होते. शिकवतात ते बर्फाचे थर वाचणं, नोंदी ठेवणं आणि त्यावरून आज या उतारावर जायचं की नाही हे ठरवणं. म्हणजे हाताची सगळी कामं घरूनच पक्की करून जावी लागतात. शोध, प्रोब (बर्फात टोचून गाडलेला माणूस शोधायची लांब सळई), खणणं, वहीत लिहिणं, यातलं बरंचसं बर्फाशिवाय पक्कं होतं.

जून ते ऑगस्ट: कागद

संस्था खासगी, अभ्यासक्रम अमेरिकी धर्तीचा. तिकडे २०१७-१८ च्या हंगामापासून हौशी आणि व्यावसायिक असे दोन मार्ग वेगळे केलेले आहेत. आमच्या यादीत पाच गोष्टी होत्या: पहिल्या पातळीच्या कोर्सचं प्रमाणपत्र, सीपीआरसह प्रथमोपचाराचं दोन वर्षांच्या आतलं प्रमाणपत्र, बर्फातल्या किमान २० दिवसांची नोंदवही, डॉक्टरांचा दाखला आणि नुकसानभरपाईचा बाँड. फी ६२,००० रुपये, राहणं-जेवण धरून. निम्मी आगाऊ, १ डिसेंबरनंतर रद्द केलं तर काही परत नाही.

नोंदवहीत मी पहिला मार खाल्ला. केदारकांठा आणि आसपासच्या हिवाळी ट्रेकचे २४ दिवस टाइप करून १८ जूनला पाठवले. उत्तर आलं १९ दिवसांनी: 'हे प्रवासवर्णन आहे.' खरंच होतं. कधी निघालो, कुठं पोचलो, किती लोक होते, एवढंच लिहिलं होतं. त्यांना हवं होतं ते असं: तारीख, ठिकाण, उंची, उताराचं तोंड कुठल्या दिशेला, उतार किती अंश, गेल्या २४ तासांत पडलेलं नवं हिम, एकूण थर किती, वारा कुठून, ताजं स्खलन दिसलं का, पायाखाली 'धप्प' असा आवाज येऊन थर खचला का, भेगा पळाल्या का, आणि शेवटी काय ठरवलं व का. जुने फोटो, फोनमधल्या उंचीच्या नोंदी आणि सोबतच्यांचे मेसेज धुंडाळून १४ दिवस नीट लिहिता आले. उरलेल्या सहांसाठी डिसेंबरच्या अखेरीस एक ट्रेक नोंदींसह करून यायची मुभा मागितली, ती मिळाली. तुमच्या डोक्यात पुढेमागे हा कोर्स असेल तर आजपासून रोज संध्याकाळी हे बारा रकाने भरा. मागाहून आठवत नाही.

डॉक्टरांच्या दाखल्याला जुलैचे तीन आठवडे गेले. छापील फॉर्मवर वाक्य होतं, '४,००० मीटर उंचीवर कष्टाच्या कामास योग्य.' दोन डॉक्टरांनी सही करायला नकार दिला, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. नागपुरात बसून कोण कशाला ही हमी देईल? शेवटी संस्थेला ई-मेल करून विचारलं की कुठलं वाक्य चालेल. त्यांनी 'तपासणीच्या दिवशी कोणतीही बाधा आढळली नाही' हे मान्य केलं. मग ईसीजी, हिमोग्लोबिन, साखर आणि रक्तदाब यांचे रिपोर्ट आधी हातात घेऊन गेलो आणि दहा मिनिटांत काम झालं. एकूण २,३५० रुपये. शिक्क्याखाली महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक दिसतोय ना, हे दवाखान्यातून निघायच्या आधी पाहा. माझा पुसट उमटला होता, परत जावं लागलं. प्रथमोपचाराचा कोर्स पुण्यात दोन दिवसांत केला, ८,००० रुपये.

सप्टेंबर: सामान

बीकन म्हणजे छातीवर पट्ट्यांनी बांधायचं यंत्र. चालताना ते ४५७ किलोहर्ट्झवर सतत स्पंदनं सोडतं. कुणी गाडलं गेलं की बाकीचे आपापली यंत्रं शोधावर टाकतात. नवा चाळीस हजारांच्या घरात जात होता, म्हणून जुना घेतला, २६,००० ला. जुना घेताना चार गोष्टी बघा. तीन अँटेना हव्यात. एक-दोन अँटेनाचे आता घेऊच नका. उत्पादकाने ते मॉडेल कधी परत मागवलं होतं का, हे त्याच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून बघा. बॅटरीच्या कप्प्यात हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर सोडून द्या. आणि मोकळ्या मैदानात दुसऱ्या बीकनसमोर तो आडवा, उभा, कडेवर असा तिन्ही तऱ्हांनी ठेवून किती मीटरवरून पकडला जातो ते पावलांनी मोजा. एका स्थितीत अंतर निम्म्याहून खाली आलं तर अँटेना गेलेली आहे. परदेशातून कुरिअरने मागवायच्या फंदात मी पडलो नाही: रेडिओ उपकरण असल्यामुळे कस्टम्समध्ये वायरलेस परवानगीचा कागद मागतात. संस्थेकडे भाड्यानेही मिळतो, पण मग चार महिने सराव कशावर करणार?

बॅटरी अल्कलाइनच. रिचार्जेबल टाकली तर यंत्राचा टक्केवारीचा अंदाज चुकतो आणि थंडीत ती एकदम बसते. प्रोब ३०० सेंमीचा घेतला, २४० च्या खालचा नको. फावड्याचं पातं अॅल्युमिनियमचंच. प्लॅस्टिकचं स्खलनाच्या ढिगाऱ्यावर वाकतं, कारण थांबल्या थांबल्या तो ढिगारा सिमेंटसारखा घट्ट होतो. दोन्ही मिळून ११,५००. कपड्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. लोकरीचे आतले कपडे हिवाळ्यात भरणाऱ्या तिबेटी स्वेटर बाजारात बरे मिळाले, हातमोज्यांच्या मात्र दोन जोड्या घ्या, एक पातळ लिहिण्यासाठी. सगळं १४,००० त बसलं.

परदेशी याद्यांमध्ये हमखास एक वस्तू असते, सॅटेलाइट मेसेंजर. ती सरळ खोडून टाका. भारतात परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन किंवा तसला मेसेंजर बाळगणं बेकायदा आहे, आणि काश्मीरच्या विमानतळावर तो निघाला तर कोर्सऐवजी पोलीस ठाण्यात दिवस जाईल.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: बाग, कुटार, रेती

हा सगळ्यात कामाचा काळ. आधी शहरातल्या बागांत सराव करून पाहिला. मेट्रोच्या मार्गाजवळ आणि ट्रान्सफॉर्मरखाली आकडे नाचतात, बाण भलतीकडे वळतो. शिवाय लोक बघतात. मग काटोल रोडवर एका ओळखीच्यांची संत्र्याची बाग मिळाली. ती शोधाच्या सरावासाठी इतकी सोयीची निघेल असं वाटलं नव्हतं. संत्र्याची झाडं सहा बाय सहा मीटरवर लावलेली असतात. एकट्याने शोधताना दोन फेऱ्यांमधलं अंतर साधारण ४० मीटर धरायचं असतं, म्हणजे सात ओळी मोजल्या की पट्टा झाला. टेप लागत नाही.

सरावाचा क्रम असा. जोडीदार एका प्लॅस्टिकच्या डब्यात बीकन घालून (स्टीलचा डबा नको, संदेश अडतो) कुठंतरी पुरतो. फोन बंद करून बाजूला. चालताना फोन बीकनपासून किमान २० सेंमी आणि शोधताना ५० सेंमी दूर लागतो; स्मार्टवॉच, कॅमेरा, जॅकेटची चुंबकाची बटणं यांनाही हाच नियम. मग घड्याळ लावायचं.

पहिला संदेश मिळेपर्यंत भराभर चालायचं, नजर यंत्रावर नाही तर जमिनीवर, कारण खऱ्या ढिगाऱ्यावर हात, बूट, काठी वर दिसत असते. संदेश मिळाला की बाणामागे जायचं. वाट सरळ नसते, कमानीसारखी वळते, कारण चुंबकीय क्षेत्राच्या रेषाच तशा असतात. 'यंत्र चुकतंय' असं समजून मी पहिले दोन दिवस मधेच वाट सोडत होतो. दहा मीटरच्या आत आलं की वेग निम्मा. तीन मीटरवर यंत्र जमिनीला टेकवायचं आणि मग ते फिरवायचं नाही. एका रेषेत पुढं सरकत सगळ्यात लहान आकडा गाठायचा, तो पुन्हा स्पष्ट वाढेपर्यंत पुढं जाऊन मागं यायचं, मग तिथून काटकोनात तसंच. सगळ्यात लहान आकड्यावर प्रोब.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका बीकनला मला साडेसहा मिनिटं लागत. वेळ कुठं जातो ते लिहून ठेवलं तेव्हा कळलं की धावण्यात दीड मिनिट जात होतं आणि शेवटच्या तीन मीटरांत चार. उगाच पळण्याचा सराव करत होतो. त्यानंतर महिनाभर फक्त शेवटच्या तीन मीटरांवर बसलो, दिवसाला वीस-वीस वेळा. नोव्हेंबरअखेर सरासरी तीन मिनिटांच्या आत आली. मिनिटांचं एवढं काय, तर गाडल्या गेलेल्यांपैकी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जण जगतात. पस्तीस मिनिटांनंतर तिघांतला जेमतेम एक. त्या दहा मिनिटांतली जास्तीत जास्त खणण्याला उरली पाहिजेत.

दोन बीकनचा सराव वेगळा करा. एक सापडला की यंत्रावर त्यावर खूण करून दुसऱ्याकडे जायचं असतं, पण अधूनमधून दोन्हींची स्पंदनं एकाच वेळी येऊन एकमेकांवर पडतात आणि यंत्र गोंधळतं. तेव्हा हलायचं नाही, दोन-चार सेकंद उभं राहायचं. बहुतेक जण इथंच घाबरून गोल फिरायला लागतात.

प्रोबसाठी बर्फाला सगळ्यात जवळची वस्तू विदर्भात फुकट मिळते: सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरणारा भुसा. त्याचे माणसाच्या उंचीचे ढीग पडलेले असतात. त्यात गोधड्या कोंबलेलं पोतं, एक लाकडी पाट आणि मोकळी जमीन अशा तीन जागा करून ठेवल्या. डोळे मिटून टोचलं की फरक हाताला कळायला लागतो. पोतं किंचित परत ढकलतं, पाटावर टक् आवाज होतो, मातीत टोक रुतून थांबतं. पहिलं टोचणं सगळ्यात लहान आकड्यावर, मग २५ सेंमीच्या अंतराने बाहेर बाहेर वेटोळ्यात. लागलं की प्रोब तिथंच ठेवायचा, काढायचा नाही. ढिगात हात घालण्याआधी काठीने ठोका, साप-विंचू असतात. नाकावर फडकं बांधा. आणि जाताना ढीग होता तसा लावून द्या, ते जनावरांचं वैरण आहे. बागेतले काका पहिल्या दिवशी तासभर बघत बसले आणि म्हणाले, "काय शोधून राहिले भाऊ? मले विचारा नं, मी पाहिलं कुठं गाडलं ते."

खणायला रेती. शेजारच्या बांधकामावरचा ओल्या रेतीचा ढीग रविवारी मिळाला. स्खलनाच्या ढिगाऱ्याचं वजन घनमीटरला चारशे किलोच्या आसपास, ओल्या रेतीचं एकोणीसशेच्या वर. म्हणून पातं पाव भरूनच उचलायचं, नाही तर कंबर जाते आणि चुकीची सवय लागते. प्रोबच्या बुडाशी उभं खणायचं नाही. उताराच्या खालच्या बाजूला गाडल्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावरून सुरू करून आडवं आत शिरायचं. चार-पाच जण असतील तर उलट्या व्हीच्या आकारात: टोकाशी एक जण ढेकळं कापतो, मागचे वल्ह्यासारखं पातं मारून ती मागे ढकलतात, उचलत कुणीच नाही. समोरच्याला तो दमायच्या आत बदलायचं. 'मी ठीक आहे' म्हणणारा माणूस तोवर निम्म्या वेगावर आलेला असतो.

डिसेंबर: वही, साखर, काळी माती

बर्फाचा खड्डा खणून थरांची नोंद करणं हा कोर्सचा गाभा. कणांच्या प्रकारांसाठी जगभर २००९ चं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण वापरतात: ताजं हिम पीपी, गोल झालेले कण आरजी, कोनाकोनांचे एफसी, तळाशी तयार होणारे मोठे पेल्यासारखे डीएच, पृष्ठभागावरचं दहिवर एसएच, वितळून गोठलेले एमएफ. हे पाठ हवेत, कारण खड्ड्यात उभं राहून तक्ता उघडायला वेळ नसतो.

कडकपणा हाताने मोजतात. मूठ, चार बोटं, एक बोट, पेन्सिल, सुरी, या क्रमाने जे पहिलं आत शिरेल तो त्या थराचा कडकपणा. जोर अगदी हलका, एक-दीड किलोचा. माझा जोर दुप्पट होता, हे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मूठ दाबून पाहिल्यावर कळलं. शेतात काळ्या मातीत मीटरभर खड्डा खणून त्याच्या भिंतीवर हाच सराव केला: वरचा वाळका पापुद्रा, खालचा ओलसर थर, त्याखाली चुनखडीचे खडे. माती बर्फ नव्हे, पण वरून खाली थर पाडणं, जाडी मोजणं आणि बोलत बोलत लिहिणं ही सवय तीच. पहिल्या खड्ड्याला पावणेदोन तास लागले. संस्थेची मर्यादा ४५ मिनिटं.

थर्मामीटर दोन घ्या आणि बर्फाच्या लादीचा चुरा व थोडं पाणी यांच्या लगद्यात दहा मिनिटं उभे करा. शून्य दाखवायला हवं. माझा एक थर्मामीटर दीड अंश वर दाखवत होता. हे फार महत्त्वाचं आहे, कारण थरात दर १० सेंमीला एक अंशाहून जास्त फरक असेल तर कण कोनाकोनांचे होऊन एकमेकांना सोडू लागतात, म्हणजे कमकुवत थर तयार होतो. दीड अंशाची चूक अख्खा निष्कर्ष उलटवते. थर्मामीटर, भिंग, कणांची पट्टी आणि पाण्यात न भिजणारी वही मिळून ३,२००.

असा कमकुवत थर वर घट्ट पापुद्रा आला की काय करतो, ते बघायला घरचं सामान पुरतं. लांब फळीला गोणपाट चिकटवा, म्हणजे तळ घसरत नाही. त्यावर रवा, मग जाड साखरेचा पातळ थर, वर मैद्याचा दोन-तीन सेंमी थर हाताने दाबून. फळीवर फोन ठेवून उतार मोजत एक टोक हळूहळू उचला. मैदा उभा राहतो, राहतो, आणि एका क्षणी आडवी भेग पडून सगळाच्या सगळा साखरेवरून निघून येतो. साखरेशिवाय करून बघा, मैदा बराच वेळ धरून राहतो. फळीखाली बोटाने टिचकी मारली तर कमी उतारालाही सुटतो. ती टिचकी म्हणजे तुम्ही. माणसं ज्यांत अडकतात त्या स्खलनांपैकी बहुतेक त्यांनी किंवा त्यांच्याच गटातल्या कुणीतरी सुरू केलेली असतात. (मैदा-साखर वेगळं होत नाही. घरात सांगून करा.)

नकाशाचा अभ्यास लेखी परीक्षेत येतो. स्खलनं बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. १:५०,००० च्या नकाशावर समोच्च रेषा ४० मीटरच्या असतील तर ३० अंशाला दोन रेषांमधलं अंतर १.४ मिमी येतं, ३८ ला १ मिमी, ४५ ला ०.८ मिमी. हे तीन आकडे पट्टीच्या कडेला लिहून ठेवा. चिखलदऱ्याच्या बाजूच्या नकाशावर २० मीटरच्या रेषा मिळाल्या तर सगळं निम्मं करा. तिथं गाविलगडाच्या कड्यांवर जाऊन क्लिनोमीटरने (उतार मोजायच्या साधनाने) ताडूनही पाहता येतं. नजरेनं मी सगळेच उतार दहा अंशांनी जास्त सांगत होतो.

१ डिसेंबरपासून रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याची नोंदीची वेळ तीच म्हणून, गच्चीवरून आकाश किती झाकलंय, तापमान, वारा हे लिहित गेलो, आणि सोबत चंदिगडच्या डीआरडीओच्या संस्थेकडून, म्हणजे डीजीआरईकडून, येणारे काश्मीरचे हिमस्खलनाचे इशारे. (पूर्वीची 'सासे' ही हिमसंशोधन संस्था २०२० मध्ये यात विलीन झाली.) पश्चिमी झंझावात उत्तरेत शिरला की दोन दिवसांनी इशाऱ्याची पातळी चढते हे पंधरवड्यात डोळ्यांसमोर येतं. पीर पंजालचं हिम काराकोरमसारखं कोरडं-पातळ नसतं. तिथं एकेका झंझावातात भरपूर आणि तुलनेने जड हिम पडतं, हेही तेव्हाच नीट कळलं.

एक लेखी गृहपाठ होता, सार्वजनिक माहितीवरून एका दुर्घटनेचा अभ्यास. मी उत्तराखंडातल्या द्रौपदी का दांडा-२ शिखरावरचं ४ ऑक्टोबर २०२२ चं स्खलन घेतलं, ज्यात २७ मृतदेह मिळाले आणि दोघे बेपत्ता राहिले. तारखेकडे बघा: ऑक्टोबर. आमच्यासारखे लोक स्खलन म्हटलं की जानेवारी-फेब्रुवारी धरतात. हा गृहपाठ लिहायला सगळ्यात जड गेला.

जानेवारी: उरलेलं, पण न टाळता येणारं

नुकसानभरपाईचा बाँड. संस्थेच्या जुन्या सूचनेत १०० रुपयांचा स्टॅम्प पेपर लिहिलेला होता. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून तो ५०० चा लागतो. जिल्हा न्यायालयाजवळ नोटरीसह ८०० रुपये, एक दुपार. विमा २,१०० रुपयांचा; नेहमीच्या प्रवास विम्यात गिर्यारोहण वगळलेलं असतं, ते बारीक अक्षरातलं पान वाचा आणि 'साहसी खेळ' लिहून घ्या. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. पोस्टपेड करून घ्यायला मला चार दिवस लागले, निघायच्या आदल्या दिवशी हे काम काढू नका.

व्यायामाचं थोडक्यात: पाठीवर १४ किलो, आठवड्यातून चार दिवस दहा मजले जिना दहा वेळा, रविवारी रामटेकच्या गडाच्या पायऱ्या. पाठपिशवीत पाण्याच्या बाटल्या भरा, उतरताना रिकाम्या करता येतात आणि गुडघे वाचतात.

फेब्रुवारी: तिकडे

नागपूरहून श्रीनगरला दिल्लीत विमान बदलून गेलो, जाऊन-येऊन २१,४००. रेल्वेने जायचं तर अंदमान एक्सप्रेस नागपूरहून थेट कटऱ्याला जाते, आणि जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत आहे. फावडं, प्रोब चेक-इन सामानात. पॉवर बँक हातातल्या पिशवीत. हिमवर्षावात श्रीनगरची विमानं रद्द होतात, म्हणून कोर्सच्या दोन दिवस आधी पोचा. ते दोन दिवस उंचीसाठीही लागतात: गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे, आणि गोंडोलाच्या (रोपवेच्या) वरच्या टप्प्यावरून अफरवटला उतरलं की ३,९०० च्या वर. टंगमर्गपासून वरचा १३ किलोमीटरचा घाट बर्फात साखळ्या लावलेल्या किंवा फोर-बाय-फोर गाडीनेच. टॅक्सी आणि आधीच्या दोन रात्री मिळून ९,०००. सगळ्याची बेरीज १,६०,३५०. मी घरी सांगितलेला आकडा एक लाखाचा होता.

पहिल्या दिवशी बचावाची चाचणी: ५० बाय ५० मीटर, दोन बीकन, सात मिनिटं. शेवटच्या तीन मीटरांचा सराव कामी आला. पहिला अडीच मिनिटांत. दुसरा सापडला, पण प्रोब लागेना. उतारावर प्रोब जमिनीला नव्हे, हिमाच्या पृष्ठभागाला काटकोनात घालायचा असतो, आणि माझा सगळा सराव सपाट बागेतला. आठ मिनिटं दहा सेकंद. पाचव्या दिवशी पुन्हा दिली, झाली. सराव बांधाच्या किंवा नाल्याच्या उतारावर करा.

खड्ड्याच्या नोंदींत वही आणि क्रम यांचा त्रास झाला नाही. त्रास झाला थंडीचा. पेनची शाई गोठते, पेन्सिलच न्या, आणि ती वहीला दोऱ्याने बांधा. पातळ मोज्यांतही वीस मिनिटांनी माझं अक्षर मलाच वाचता येईना. यासाठी नागपुरात बर्फाच्या पेटीत दोन मिनिटं हात घालून मग लिहायचा सराव जोडीदाराने सुचवला होता, मी हसण्यावारी नेला. ३० बाय ३० सेंमीच्या स्तंभावर मनगटापासून दहा, कोपरापासून दहा, खांद्यापासून दहा थापा मारायची चाचणी घरी उशीवर केली होती. ती मात्र जमली. कणांची ओळख साखरेवरून होत नाही. एफसी आणि आरजी यांच्या मधल्या अवस्था भिंगाखाली तीन दिवस चुकत होतो, आणि त्याला तिथं बसून बघण्याखेरीज उपाय दिसला नाही. लेखी परीक्षा सहाव्या दिवशी. निकाल १६ दिवसांनी ई-मेलने आला, नोंदवहीतल्या दोन नोंदी दुरुस्त करून पाठवायच्या अटीवर उत्तीर्ण.

त्या नोंदी पाठवल्या. बीकन कोरडा करून, बॅटरी काढून कपाटात ठेवलाय. हे विसरू नका: अल्कलाइन बॅटरी आत राहिली तर मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांत ती पाझरते आणि कप्प्यातले पत्रे खाते. ऑक्टोबरात नवी टाकायची, आणि कुटार पडलं की पुन्हा काटोल रोड.